संगणकाने घडविलेले मेघ

कालिदासाचा यक्ष रामगिरीवर दिसलेल्या मेघाला आपला दूत करतो, तेव्हा कवी स्वतःच एक शंका उपस्थित करतो. मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा मेळ. त्याला निरोप काय कळणार, अशी ती शंका आहे. काव्यात ती यक्षाच्या व्याकुळतेची खूण होय. परंतु त्या चार पदार्थांच्या यादीकडे केवळ व्यवहाराच्या नजरेने पाहिले, तर एक गंमतीची गोष्ट आढळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या गणितज्ञांनी आणि चित्रकारांनी संगणकाच्या पडद्यावर मेघ उभा करण्याचा उद्योग आरंभला, त्यांना याच चार गोष्टींचा हिशेब एकेक करून मांडावा लागला. तो हिशेब जुळावयास सुमारे चाळीस वर्षे लागली, आणि त्यातील काही बाकी अद्यापही फिटलेली नाही.

अडचण नेमकी कोठे होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. संगणकाकडून चित्र काढून घेण्याची विद्या १९६० नंतर वाढीस लागली, ती घन वस्तूंच्या आधाराने. मेज, पेला, मोटार, इमारत यांना पृष्ठभाग असतो. त्या पृष्ठभागाचे लहान लहान त्रिकोण पाडावयाचे, प्रत्येकावर प्रकाश कोणत्या कोनातून पडतो ते मोजावयाचे आणि त्या मानाने रंग भरावयाचा, अशी ती रीत होती. मेघाच्या बाबतीत ही रीत पहिल्याच पायरीवर अडते, कारण मेघाला पृष्ठभागच नाही. दुरून ज्याची कड पिंजलेल्या कापसासारखी स्पष्ट दिसते, त्या मेघात विमान शिरले म्हणजे ती कड कोठे होती हे कोणालाही सांगता येत नाही. मेघातील थेंबाचा व्यास साधारणपणे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. एका घन सेंटिमीटरात असे शंभराच्या आसपास थेंब तरंगत असतात. आणि एका घनमीटरातील सारे पाणी गोळा केले, तरी ते अर्ध्या ग्रॅमच्या जवळपासच भरते. उलट लांबी, रुंदी आणि उंची एकेक किलोमीटर असलेल्या राशिमेघातील पाणी एकत्र केले, तर त्याचे वजन ५०० टनांच्या घरात जाते. इतकी विरळ आणि इतकी अवजड वस्तू त्रिकोणांत कशी बसवावयाची, हा प्रश्न होता.

या निराकार वस्तूला शास्त्रशुद्ध नावे देण्याचे काम लंडनमधील ल्यूक हॉवर्ड या रसायनांच्या व्यावसायिकाने केले. डिसेंबर १८०२ मध्ये एका लहानशा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात त्याने तंतुमेघ, राशिमेघ आणि स्तरमेघ असे मूळ भेद सांगितले. मेघ क्षणोक्षणी बदलत असला, तरी त्याच्या बदलण्याला काही नियम आहेत, हा हॉवर्डचा मुख्य आग्रह होता. पुढे चित्रपटाचा काळ आला, तेव्हा हवे तेव्हा हवा तसा मेघ निर्माण करण्याची गरज पडू लागली. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ या अमेरिकन चित्रपटात आकाशात भराभर दाटून येणारे जे मेघ दिसतात, ते वस्तुतः काचेच्या टाकीतील आहेत. टाकीच्या तळाशी खारे पाणी आणि त्यावर गोडे पाणी असे दोन थर करून वरच्या थरात पांढरा रंग सोडला, की तो रंग खाली न बुडता दोन थरांच्या सीमेवर फुगत पसरतो. हा मेघ खोटा खरा. पण त्याला फुलविणारे नियम मात्र निसर्गाचेच होते. संगणकाजवळ हे नियमही नव्हते. ते त्याला एकेक करून शिकवावे लागले.

आरंभीच्या काळात कारणापेक्षा दिसण्याकडेच अधिक लक्ष होते, आणि ते स्वाभाविक होते. त्या वेळची यंत्रे आजच्या मानाने फार दुबळी होती. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटासाठी विल्यम रीव्हज यांनी एका ग्रहावर पसरत जाणारी आग दाखविली, ती असंख्य सुट्या कणांच्या साहाय्याने. प्रत्येक कणाला जन्म, वेग, रंग आणि मरण नेमून दिलेले होते. या पद्धतीचे विवेचन त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच सुमारास बेन्वा मांदेलब्रो या गणितज्ञाने निसर्गाच्या खडबडीत आकारांची जी भूमिती मांडली होती, तिचा प्रभाव सर्वत्र पडू लागला होता. लहान तुकड्यात मोठ्या तुकड्याचीच घडण पुन्हा आढळते, असे तिचे सूत्र होते. १९८२ मध्ये शॉन लव्हजॉय यांनी उपग्रह आणि रडार यांच्या नोंदी तपासून असे दाखवून दिले की, एक चौरस किलोमीटरपासून सुमारे १२ लाख चौरस किलोमीटरपर्यंतच्या मेघांच्या व पर्जन्यक्षेत्रांच्या कडा एकाच नियमाने वळलेल्या असतात. कड जवळून पाहावी की दुरून, तिचा नागमोडीपणा कमी होत नाही.

मग असा नागमोडीपणा यंत्राकडून कसा काढून घ्यावयाचा? विमाने बनविणाऱ्या ग्रुमन कंपनीतील जेफ्री गार्डनर यांनी १९८५ मध्ये त्यावर एक काटकसरीचा उपाय सुचविला. अंड्याच्या आकाराचे काही गोळे एकमेकांत मिसळून ठेवावयाचे, त्यांवर लहानमोठ्या लहरींचे पोत चढवावयाचे, आणि कडेकडे ते हळूहळू पारदर्शक करावयाचे. दुरून पाहणाराला तो मेघच वाटे. त्याच वर्षी केन पर्लिन यांनी दुसरा मार्ग प्रसिद्ध केला. ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटाच्या कामात सहभागी असलेल्या संस्थेत ते होते, आणि संगणकाच्या चित्रांतील यांत्रिक गुळगुळीतपणा त्यांना खटकत असे. त्यांनी अशी एक गणिती रचना केली की, अवकाशातील प्रत्येक बिंदूला ती एक संख्या देते. ती संख्या दिसावयास यदृच्छेने आलेली, तरी शेजारच्या बिंदूशी सलग जुळणारी असते. ही रचना मोठ्या मापात, मग निम्म्या मापात, मग त्याच्या निम्म्यात घेऊन सर्वांची बेरीज केली, की संगमरवराच्या शिरा, धुराची वलये, मेघांचे पुंजके असे काहीही तिच्यातून काढता येते. पर्लिन यांचा हा ‘नॉइज’ पुढे इतका सार्वत्रिक झाला की, १९९७ मध्ये चित्रपटविद्येच्या अमेरिकन अकादमीने त्यांना त्याबद्दल तांत्रिक पुरस्कार दिला.

परंतु आकार मिळाला म्हणून मेघ मिळत नाही. पहाटेचा तांबूस मेघ, दुपारचा पांढराशुभ्र मेघ आणि वळवाच्या आधीचा काळाकुट्ट मेघ यांत पाणी तेच असते. फरक करतो तो प्रकाश. हा दुसरा हिशेब जेम्स ब्लिन यांनी १९८२ मध्ये मांडला, आणि तोही मेघासाठी म्हणून नव्हे. व्हॉयेजर याने १९८० आणि १९८१ मध्ये शनीजवळून गेली, तेव्हा त्या प्रवासाची संगणकचित्रे ब्लिन तयार करीत होते. शनीची कडी ही सलग तबकडी नसून बर्फाच्या असंख्य खड्यांचा थवा आहे. तेव्हा तिच्यावर प्रकाश कसा खेळेल, हा प्रश्न त्यांना सोडवावा लागला. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, जेम्स काजिया आणि ब्रायन फॉन हर्झेन यांनी तोच विचार पुढे नेऊन मेघाचा सारा घनाकार प्रदेश लहान घरांच्या जाळीत विभागला आणि डोळ्यापासून निघालेला किरण त्या जाळीतून पावलापावलाने चालवीत नेला. प्रत्येक पावलावर किती प्रकाश गळाला आणि किती नव्याने मिळाला, याची जमाखर्चाची वहीच जणू त्यांनी ठेवली. पृष्ठभागावाचून चित्र काढण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिचा पाया तो हा.

या विद्येचा मूळ झरा मात्र चित्रकलेत नव्हता. माध्यमातून जाताना प्रकाश अंतराच्या मानाने कसा घटत जातो, याचा नियम पिएर बुगे याने १७२९ मध्येच सांगितला होता. धूलिकणावर आपटलेला प्रकाश कोणत्या दिशेला किती उडतो, याचे एक सुटसुटीत सूत्र हेनी आणि ग्रीनस्टाइन या ज्योतिषशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये आकाशगंगेतील धुळीसाठी बनविले; तेच सूत्र आज चित्रपटातील मेघांना वापरतात. आणि या साऱ्या विषयाचा आधारग्रंथ एका भारतीयाच्या हातचा आहे. लाहोरास जन्मलेले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा बाहेर पडतो, याचे संपूर्ण गणित ‘रेडिएटिव्ह ट्रान्स्फर’ या ग्रंथात १९५० मध्ये मांडले. पुढे मेघ आणि धूर यांच्या चित्रणाचा अभ्यास करणारे लोक त्या ग्रंथाकडे वारंवार वळले. ताऱ्यासाठी केलेले गणित आपल्या गावावरून जाणाऱ्या ढगालाही लागू पडते, याचे कारण प्रकाशाला तारा आणि ढग असा भेद ठाऊक नाही.

मेघाच्या बाबतीत या गणिताची कठोरता अधिकच जाणवते. धुरातील काजळी प्रकाश गिळून टाकते, म्हणून काळ्या धुराचा हिशेब लवकर संपतो. पाण्याचा थेंब मात्र दृश्य प्रकाश जवळजवळ मुळीच गिळत नाही; तो त्याला नुसता पुढे ढकलतो. दाट राशिमेघात प्रकाश साधारणतः दहावीस मीटर जातो न जातो तोच दुसऱ्या थेंबावर आपटतो. बाहेर पडेपर्यंत अशा शेकडो टकरा होतात, आणि मेघाची शुभ्रता ही त्या सर्व टकरांची बेरीज असते. एकाच टकरीचा हिशेब केला, तर मेघ मळकट दिसतो. १९९६ मध्ये निशिता, दोबाशी आणि नाकामाए या जपानी संशोधकांनी अनेक टकरांचा आणि आकाशातून येणाऱ्या निळसर प्रकाशाचाही विचार करून मेघांची चित्रे काढली. त्यापुढचे साधन आले ते अणुशास्त्राकडून. अणुभट्टीत न्यूट्रॉन कसा भटकतो, हे फासे टाकून अजमावण्याची एक युक्ती १९६५ मध्ये वुडकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली होती. न्यूट्रॉनच्या जागी प्रकाशकण आणि भट्टीच्या जागी मेघ ठेवला, की तीच युक्ती कोणत्याही दाट-विरळ मेघाला चालते. आजच्या चित्रपटांतील मेघ बहुधा याच घराण्यातील पद्धतींनी उजळलेले असतात.

तेजानंतर वाऱ्याचा हिशेब. वाहत्या पदार्थाच्या गतीची समीकरणे नाव्हिए आणि स्टोक्स यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. त्यांचे उत्तर काढणे मात्र अतिशय जिकिरीचे असते. लुईस फ्राय रिचर्डसन याने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवामानाची समीकरणे हाताने सोडवून पाहिली होती. २० मे १९१० या दिवसाच्या हवेवर त्याने ती पद्धत लावली, तेव्हा सहा तासांत वायुदाबात १४५ मिलिबारांचा फरक पडेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. असे गणित पावलापावलाने पुढे नेताना लहानशी चूकही बघता बघता फुगते. चित्र काढणारांनाही हाच अनुभव आला. १९९७ मध्ये फॉस्टर आणि मेटॅक्सस यांनी तापलेल्या वायूची गती समीकरणांवरून दाखविली. परंतु पाऊल जरा लांब टाकले, की सारे गणित उधळून जाई.

१९९९ मध्ये जॉस स्टॅम यांनी यावर तोडगा काढला. या घरातील हवा पुढे कोठे जाईल, असे विचारण्याऐवजी, या घरात आता असलेली हवा क्षणापूर्वी कोठे होती, असे त्यांनी विचारले. मागे जाऊन तेथील किंमत उचलून आणावयाची. म्हणजे पूर्वी नव्हती अशी मोठी किंमत कधी निर्माणच होत नाही आणि गणित उधळत नाही. हवामानशास्त्रज्ञांना ही कल्पना आधीपासून परिचित होती. स्टॅम यांनी ती चित्रकाराच्या मेजावर आणून ठेवली. तिची किंमतही द्यावी लागली. या रीतीने वाऱ्यातील बारीक भोवरे लवकर विरून जातात आणि धूर आळसटलेला दिसतो. २००१ मध्ये फेडकिव, स्टॅम आणि येन्सन यांनी हेलिकॉप्टरभोवतालच्या प्रवाहांच्या अभ्यासातील एक उपाय उसना घेतला. जेथे भोवरा मावळतो आहे, तेथे हिशेबाने थोडा कृत्रिम जोर लावून तो पुन्हा फिरता ठेवावयाचा. धूर पुन्हा धुरासारखा वळसे घेऊ लागला. मात्र तो जोर निसर्गाने दिलेला नव्हता, तो माणसाने दिलेला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

उरले पाणी. वर चढणारी हवा थंड होते, तिच्यातील बाफेचे थेंब बनतात, आणि त्या वेळी बाहेर पडणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते. मेघाची कोबीच्या गड्ड्यासारखी फूल यातूनच उमलते. काजिया आणि फॉन हर्झेन यांनी हा विचारही आपल्या १९८४ च्या निबंधात अंशतः केला होता. २००० मध्ये दोबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र एक सोपी वाट चोखाळली. जाळीतील प्रत्येक घराने शेजारच्या घरांकडे पाहून बाफ आहे की नाही आणि मेघ आहे की नाही, एवढेच ठरवावयाचे. अशा होय-नाहीच्या खेळातूनही पडद्यावर मेघ जमू आणि विरू लागले.

यानंतरचा इतिहास मुख्यतः सोयीचा आणि वेगाचा आहे. मेघाच्या जाळीतील बहुतेक घरे रिकामी असतात. ती साठवीत बसण्यात स्मरणाचा अपव्यय होतो. ड्रीमवर्क्स या संस्थेतील केन म्युसेथ यांनी फक्त भरलेली घरे ठेवणारी रचना केली. २०११ च्या ‘पुस इन बूट्स’ या चित्रपटातील मेघलोकासाठी ती वापरली गेली, आणि २०१२ मध्ये ती ‘ओपनव्हीडीबी’ या नावाने सर्वांना मोफत खुली करण्यात आली. चित्रपटाच्या एका चित्रासाठी यंत्र तासन् तास राबू शकते. खेळात तेवढी सवड नसते. ॲम्स्टरडॅममधील गेरिला या संस्थेच्या अँड्र्यू श्नायडर यांनी २०१५ मध्ये ‘होरायझन झीरो डॉन’ या खेळाचे मेघ जाहीर केले. ते सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात काढावयाचे होते. त्यासाठी प्रत्येक वेळी सोळा बिंदूंपैकी एकाचाच हिशेब नव्याने करून बाकीचे मागील चित्रावरून जुळवून घेतले जात. मेघाच्या कडा किंचित काळसर दिसाव्यात म्हणून एक लहानसे सूत्रही त्यात घातले होते. ते निसर्गनियमातून काटेकोरपणे सिद्ध केलेले नव्हते. डोळ्याला पटले, म्हणून स्वीकारले. २०१७ मध्ये डिस्ने रिसर्चच्या संशोधकांनी आणखी पुढची पायरी गाठली. शेकडो टकरांचा हिशेब करण्याऐवजी, पुष्कळ मेघ पाहून शिकलेल्या यंत्रानेच त्यांच्या बेरजेचा अंदाज द्यावा, अशी ती पद्धत होती.

येथे या इतिहासातील खरा प्रश्न उभा राहतो. डोळ्याला पटणे आणि निसर्गाशी जुळणे या दोन गोष्टी एक आहेत काय? करमणुकीच्या क्षेत्रात त्यांतील अंतर कोणालाही बाधत नाही. पण त्याच वर्षांत त्याच समीकरणांवर दुसरेही एक काम चालले होते. अमेरिकेच्या प्रमाणे व तंत्रविज्ञान यांच्या राष्ट्रीय संस्थेने २००० मध्ये आग आणि धूर यांचे गणित करणारी एक संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. इमारतीला आग लागली असता धूर जिन्यात किती वेळात उतरेल, बाहेर पडण्याच्या दाराची पाटी किती वेळ दिसत राहील, याचे उत्तर तिच्याकडून मागितले जाते. तिच्या जोडीला धूर दाखविणारी चित्रप्रणालीही आहे. येथे भोवरा सुंदर दिसावा म्हणून मनाने जोर लावून भागत नाही. कारण त्या चित्रावर माणसांच्या सुटकेची वाट अवलंबून असते. तोच धूर, तीच समीकरणे. पण एका ठिकाणी प्रेक्षकाने मान डोलावली की काम संपले, आणि दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष पेटविलेल्या आगीच्या मोजमापांशी उत्तर ताडून पाहिल्यावाचून काम सुरूच होत नाही.

मेघांच्या बाबतीत ही जबाबदारी याहून मोठी आहे. पृथ्वीच्या भावी हवामानाचे अंदाज करणाऱ्या गणितांत सर्वांत मोठी अनिश्चिती मेघांच्या वागणुकीचीच आहे, असे या विषयावरील आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाच्या अहवालांतून सांगितले गेले आहे. सबंध पृथ्वी व्यापणाऱ्या गणिताची घरे बहुधा कित्येक किलोमीटरांची असतात. एक किलोमीटरचा राशिमेघ त्यांत हरवून जातो आणि त्याचा सरासरीनेच अंदाज करावा लागतो. ज्या देशाची शेती आषाढ-श्रावणाच्या मेघांकडे डोळे लावून बसते, त्या देशाला या उणिवेचा अर्थ समजावून सांगावयास नको. पडद्यावरचा मेघ हुबेहूब दिसतो म्हणून मेघ कळला, अशी समजूत करून घेण्याचा मोह अशा वेळी टाळला पाहिजे.

तथापि या उद्योगाला निव्वळ खेळ म्हणून बाजूला सारणेही न्यायाचे होणार नाही. चित्र काढणारांनी तारे, अणुभट्टी, हवामान आणि विमानविद्या या चार दिशांकडून ज्ञान उसने घेतले, आणि त्याच्या मोबदल्यात काही परतही केले. त्यांनी केलेली रिकामी घरे वगळण्याची सोय, प्रकाशाच्या हिशेबाच्या जलद पद्धती आणि संख्यांच्या राशीतून दृश्य उभे करण्याची हातोटी आता शास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडते. मुख्य म्हणजे, आपण कोठे निसर्गाला अनुसरलो आणि कोठे डोळ्याला फसविले, हे यांतील चांगल्या संशोधकांनी आपल्या निबंधांत स्वच्छ लिहून ठेवले आहे. हिशेबाच्या वहीत अंदाजाची रक्कम अंदाज म्हणूनच नोंदविलेली असावी, एवढा नियम पाळला, की पुढच्या माणसाला ती तपासता येते. मेघाच्या वहीतील पाण्याचे पान अजून अपुरे आहे. आणि ते पुरे करण्याचे काम आता चित्रपटगृहाइतकेच वेधशाळेचेही आहे.